भाऊजींचं शुद्ध पाणी

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतात. रोज गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून त्यांच्या टेबलावर येतं. भाऊजी त्यात थेंब टाकतात, रंग बघतात आणि कागदावर 'पिण्यास योग्य' असं लिहून झोकात सही ठोकतात. एकवीस वर्षांत ही सही कधी खोटी ठरलेली नाही. पण त्या पाण्याचा एक घोट घेतील तर शपथ! प्यायचं पाणी ते घरून नेतात.

मागे कधीतरी डॉक्टर त्यांना म्हणाले होते, रोज जरा चालत जा. चालायचा आला कंटाळा, म्हणून तब्येतीसाठी भाऊजींनी घरी पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. हे मशीन एक बाटली पाणी द्यायला तीन बाटल्या मोरीत ओततं. त्याला जोर कमी पडतो म्हणून थेट नळाला मोटार लावली. बरं, ते पाणी नुसतं प्यायला नाही. काकडी, गाजर, पालक, सगळं त्याच पाण्यात तीन-तीनदा धुवायचं. ताई म्हणते, "मी तापाने फणफणले होते, तेव्हा माझी एवढी काळजी नव्हती घेतली, जेवढी त्या मेल्या काकडीची घेतात."

गल्लीने हे पाहिलं. खुद्द पाणीवाल्या साहेबांनाच नळावर भरवसा नाही, मग आपण काय मरायचं? वर्षभरात घरोघरी मशीन आलं, घरोघरी मोटार आली. सगळे एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करू लागले आणि मोऱ्या चोवीस तास वाहू लागल्या.

या सगळ्या शहाण्यांच्या पुढे, नळाची लाइन जिथे संपते तिथे, माझी लॉन्ड्री. पूर्वी सकाळी सातला पाणी आलं की तासाभरात दोन टाक्या भरायच्या. आता टाकीचा तळही धड भिजेना. माझं सगळं काम एका दवाखान्याच्या चादरींवर चालतं. तिथली मेट्रन म्हणाली, "सोमवारी चादरी मिळाल्या नाहीत तर काम दुसऱ्याला जाईल. माझा नाइलाज आहे."

रविवारी मी नळाचं पाणी पेल्यात घेऊन भाऊजींच्या दारात उभी राहिले. माझा आवाज मुळातच बारीक नाही, त्यामुळे गल्ली आपोआप गोळा झाली.

"भाऊजी, हे पाणी कसं आहे?"

"उत्तम आहे. कालच तपासलंय मी."

"मग प्या."

"अगं, पण मला सवय नाही..."

"सही करायची आहे ना सवय? प्या म्हणते ना!"

ताई आतून ओरडली, "प्या हो एकदाचं! विष नाहीये ते!"

भाऊजींनी डोळे मिटून पेला रिकामा केला. सगळे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. काही झालं नाही. शेजारची शिक्षिका म्हणाली, "इश्श, एवढंच ना? मी उद्या मोटार बंदच ठेवते." मग समोरचा शिंपी हो म्हणाला, त्याच्यामागे आणखी चार घरं. मला इतका आनंद झाला की मी लॉन्ड्रीत जाऊन टाक्या घासून ठेवल्या.

सोमवारी सकाळी सहाला भाऊजी पोट धरून रिक्षात बसले आणि डॉक्टरकडे गेले. डॉक्टरला काही सापडलं नाही. सापडणार काय, कपाळ? पोटात भीतीशिवाय काही नव्हतंच. पण गल्लीला डॉक्टरशी काय घेणंदेणं! गल्लीने रिक्षा पाहिली होती. सातच्या आत सगळ्या मोटारी सुरू झाल्या. शिंप्याने तर आणखी मोठं मशीन सांगून टाकलं म्हणे.

माझ्या नळातून नुसती हवा आली. दुपारी दवाखान्याची गाडी आली आणि मळक्या चादरी होत्या तशा परत घेऊन गेली. माझ्याकडच्या दोघी बायका पिशव्या उचलून घरी गेल्या. बारा वर्षांत उभं केलेलं काम डोळ्यांदेखत गेलं, आणि मी कोरड्या टाकीला टेकून ढसाढसा रडले. लाज कसली त्यात?

संध्याकाळी भाऊजी समाचाराला आले. चेहरा टवटवीत, काखेत बाटली. माझ्याकडे पाहून अगदी कळवळले बिचारे.

"किती सुकलीस गं तू! पाणी फार कमी पितेस, बघ."