काटा पडत होता
माजिवड्याच्या सिग्नलला करपलेल्या ऑइलचा वास आला आणि आंबिवलीचं आमचं गॅरेज आठवलं. रेससाठी ताकद वाढवलेलं एक इंजिन नवऱ्याने दोनदा उघडून जोडलेलं, कारण तापलं की ऑइलचं प्रेशर पडायचं. तिसऱ्यांदा चालू केलं तेव्हा प्रेशरचा काटा बघायला मी गाडीच्या सीटवर बसलेले. "किती आहे?" त्याने कंबर धरून विचारलं. काटा खाली सरकत होता. "ठीक आहे," मी म्हटलं. तो दमलेला हसला. असंच चाललं असतं तर इंजिन आतून घासून गेलं असतं. मी चावी फिरवून ते बंद केलं. "पडतंय रे." तो खालीच बसला. मग हात पुढे करून म्हणाला, "पाना दे." आता गॅरेज नाही, पण त्याचं ते हसू अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.