उंदीर नव्हता

शोरूमवाल्यांनो, भोयर भाऊंचा तो फोटो आधी खाली काढा.

आज सकाळी भाऊ गेले. हार्ट अटॅक. आणि दुपारपर्यंत तुमच्या पेजवर त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो. खाली ओळ, "आमच्या परिवाराचा आधारस्तंभ हरपला."

कोणता परिवार? ज्यातून तुम्ही त्यांना हाकललं, तो?

मी गप्प बसणार होते. नाही बसत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवराव भोयर. मूळचे पारशिवनीकडचे, शेतकरी घरातले. नागपुरात एका जपानी कंपनीच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं हेड मेकॅनिक. मी तिथेच फ्रंट डेस्कवर होते. कस्टमरची तक्रार लिहून घ्यायची, गाडी परत देताना काय बिघडलं होतं ते समजावून सांगायचं, हे माझं काम.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

भाऊंना त्या कंपनीचा इतिहास तोंडपाठ. नवीन मेकॅनिक आला की आधी चहा, मग गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर पडक्या शेडमध्ये सुरू झालेला कारखाना. धड लोखंड मिळत नव्हतं. त्यातून छोट्या छोट्या गाड्या बनवत जगभर गेले.

"तिथं साधा कामगार बी लाईन थांबवू शकते गा. चूक दिसली का थांबव. साहेब मागून येते विचाराले."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही ती कंपनी त्यांच्या आजोबांनी काढली.

आणि लोकांचाही तसाच विश्वास. जापानी गाडी ना? मग घ्या आणि विसरा. जुनी गाडी घेणारेसुद्धा बोनेट न उघडता घेऊन जायचे.

मग एका मे महिन्यात तीन गाड्या आल्या. एकच मॉडेल. तिन्हीत पेट्रोलचा वास.

इंजिनमागचा पेट्रोलचा रबरी पाइप आपल्या उन्हात कडक होऊन चिरत होता. भाऊंनी फोटो काढले, रिपोर्ट लिहून वर पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला.

उत्तर आलं. "तुरळक प्रकार आहे. घाबरवू नका."

चौथी गाडी मौद्याची. गभणे मॅडमची. शाळेत शिकवतात. नागपूरला येताना रस्त्यातच बोनेटमधून जाळ निघाला. मागच्या सीटवर सासूबाई होत्या, दरवाजा अडकला. मॅडमनी त्यांना ओढून बाहेर काढलं. सासूबाई वाचल्या.

मॅडमचे दोन्ही हात भाजले.

दोन दिवसांत कंपनीचे साहेब विमानानं हजर. एसी केबिन, दार बंद. साहेब, आमच्या शोरूमचे मालक, भाऊ आणि लिहून घ्यायला मी.

साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये रॅट बाइट टाका. त्या बाईंच्या पोर्चमध्ये धान्याची पोती असतात."

भाऊ म्हणाले, "उंदीर नाही साहेब. मी शेतकऱ्याचा पोरगा आहो. उंदरानं कुरतडलेलं मले आंधारात हात लावून समजते. हा पाइप उन्हानं फाटला. बाकीच्या गाड्या आज परत बोलवा."

"भोयर, कंपनीच्या नावाचा विचार करा."

"तोच करून राहिलो ना साहेब! काहून करू मी खोटी सही?"

त्यांनी नाही केली.

मी केली.

हो. त्या रिपोर्टवर सही माझी आहे, नाव न वाचता येणारी. नवरा तेव्हा घरी बसून होता, मुलगी बालवाडीत. कारणं आहेत, पण खोटं ते खोटंच. "उंदरांमुळे नुकसान" असं छापलेला कागद मी स्वतः गभणे मॅडमच्या बँडेज बांधलेल्या हातांत दिला. त्या मलाच म्हणाल्या, "चूक आमचीच. पोती तिथं ठेवायला नको होती."

मी मान हलवली. अजून आठवलं की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

भाऊंना गाड्या धुण्याच्या शेडवर पाठवलं. वीस वर्षांच्या हेड मेकॅनिकला! दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली आणि हुडकेश्वरला छोटं गॅरेज टाकलं. जुन्या कस्टमरांना एकेक फोन करून बोलावलं आणि तो पाइप बदलून दिला. मालकांनी पसरवलं, "भोयर कस्टमर पळवतो."

आणि तीन वर्षांनी कंपनीनं जाहीर केलं. त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावतोय, पाइप बदलून देतोय. "स्वेच्छेने. खबरदारी म्हणून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. याला म्हणतात जपानी प्रामाणिकपणा! नाव अजून मोठं झालं.

भोयर भाऊंचं नाव कुठे? कुठेच नाही.

मी चिडून गॅरेजवर गेले होते. भाऊ म्हणाले, "जाऊ दे वं. गाड्या तर दुरुस्त झाल्या. कंपनी चांगली हाये, माणसं भेकड निंगाली."

त्या माणसांत मीही होते. तरी मला चहा पाजला.

आज हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेले, तर दारात गभणे मॅडम. मी ओळखलं ते हातांवरून.

मला म्हणाल्या, "भाऊ त्याच उन्हाळ्यात मौद्याला आले होते, बसनं. 'मॅडम, उंदीर नव्हता, तुमची चूक नव्हती' एवढंच सांगायला. मी विचारलं, मग तो कागद लिहिला कोणी? तर म्हणाले, ते नका विचारू. तिले लहान पोरगी हाये."

मी म्हटलं, "मॅडम, ती सही माझी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन भाऊंच्या बायकोजवळ बसल्या.

बरोबर केलं त्यांनी.

तो खोटा कागद अजून तुमच्या फायलीत असेल, मालक. काढा बाहेर. कुठे बोलावाल तिथे येऊन सांगते, कोणी लिहायला लावला आणि कोणी लिहिला. नोकरीची भीती आता नाही.

देवराव भोयर, मेकॅनिक. खरं बोलले आणि एकटे पडले.

भाऊ, मी तुमच्या बाजूला उभं राहायला हवं होतं. शेवटचा नमस्कार.