क्रांतीताईच्या वर्गातली चिंबोरी

आमची क्रांतीताई म्हणजे डोक्याला ताप. जुईनगरहून खारघरला येते ती पिशवीत कधी शेवग्याच्या शेंगा, कधी गंजलेलं कुलूप घेऊन. का, तर बालवर्गातल्या कुणीतरी काल त्याबद्दल विचारलेलं असतं. आधीच्या शाळेत तिने वर्षानुवर्षं पोरांकडून बाराखडी गिरवून घेतली, मग वैतागून इकडे आली. आमच्या शाळेत महिन्याचा विषय मुलं ठरवतात, हात वर करून. त्यावर ताई अख्खा अभ्यासक्रम रचते. गाणी त्याची, गणितं त्याची, चित्रंही त्याचीच. मी शेजारचा वर्ग घेते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

ऑगस्टात मुलांनी चिंबोरी निवडली, म्हणजे खाडीतला खेकडा. खाडीकाठच्या गावातली राजनंदिनी जूनपासून वर्गात तोंड उघडत नव्हती. त्या दिवशी ती बोलायला लागली ती थांबेचना. नर कुठला, मादी कुठली, नांगी कशी धरायची! तिची आजी मालतीबाई बादलीतून जिवंत चिंबोरी घेऊन आली. पोरांनी चिंबोरीचे पाय मोजले आणि मग दिवसभर सगळी तिच्यासारखी तिरकी चालली. ताईच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

लगेच पालकांच्या ग्रुपवर धुरळा. वर्गात वास येतो, आमच्या घरात हे चालत नाही, आणि तेही श्रावणात! माझं तर डोकंच फिरलं. मुख्याध्यापिका वैजयंती मॅडमनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. विषय बदला म्हणाल्या, पण तो मुलांनीच बदलला असं दिसू दे, मुलं विषय ठरवतात यावरच आपल्या शाळेचं नाव आहे. ताईची नोकरी याच वर्षी कायम व्हायची होती. ती काय बोलणार?

फुलपाखरू की चिंबोरी, असं विचारून तिने पुन्हा हात वर करायला सांगितले. फुलपाखराला थोडे. चिंबोरीला वर्गभर, राजनंदिनीचे तर दोन्ही. ताईने खिडकीकडे बघत सांगितलं, फुलपाखरू जिंकलं.

मी दारातच होते. पोरं जराशी गोंधळली, मग रंग घ्यायला पळाली. ताई सांगते म्हणजे खरंच असणार. राजनंदिनी तेवढी ताईजवळ आली. रडली नाही, चिडली नाही.

"ताई, चिंबोरीला जास्त हात व्हते. मी मोजलं."

ताईने पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि फळ्याकडे वळली. सुट्टीत डबा न उघडताच बसून होती. लाज वाटते गं, म्हणाली. टेन्शन नको घेऊस, पोरं विसरतात, असं मी म्हटलं खरं, पण माझं मलाच पटत नव्हतं.

पुढच्या महिन्यात विषय ठरवायची वेळ आली. कुणाला मेट्रो हवी, कुणाला भूत, वर्गात नुसता कल्ला. राजनंदिनी हात मांडीवर ठेवून बसलेली. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुला काय शिकायचंय, राजू? या वेळी तू म्हणशील तेच घेऊ."

राजनंदिनीने शहाण्या मुलीसारखं तिच्याकडे बघितलं.

"तुमी सांगाल ते," ती म्हणाली.