बावीवरचं कुलूप

ती विहीर बुजवून टाका, असं आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं. ते मी आजही लपवत नाही. माझी पोर हिवतापाने फणफणली होती. एक दिवसाआड थंडी वाजून यायची, तिच्या अंगावर दोन गोधड्या आणि वर मी, तरी दातांवर दात आपटायचे. क्विनीनची गोळी मधात कालवून दिली तरी थुंकून टाकायची. स्टेशनाजवळचे डॉक्टर म्हणाले, डास कुठे होतात ते आधी बघा, औषध नंतर. मी घरी आले आणि तडक विहिरीवर जाऊन आत वाकून पाहिलं. पाण्यावर अळ्या वळवळत होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पन्नासच्या दशकातली अंधेरी म्हणजे स्टेशन सोडून मरोळच्या बाजूला वळलात की दोन्हीकडे भातशेती. आमची दुमजली बिल्डिंग नुकतीच झाली होती. सगळे बिऱ्हाडकरू कचेरीत जाणारे, फोर्टात नाहीतर बॅलार्ड पियरला. आमच्या बिल्डिंगीला लागूनच जुनं गावठाण होतं. तिथली माणसं ख्रिस्ती, पण बोलणार मराठीच. बायका लुगडी नेसायच्या आणि रविवारी त्याच लुगड्यात देवळात जायच्या. त्यांचं देऊळ म्हणजे चर्च, हे कळायला मला महिना लागला. आम्ही यायच्या कितीतरी आधीपासून ते लोक तिथे शेती करत होते. विहीर त्यांची. ते तिला बाव म्हणायचे. पिढ्यान् पिढ्या सगळं गाव त्या बावीचं पाणी प्यायलं होतं. आता गल्लीत म्युनिसिपालटीचा नळ आला होता, त्यामुळे बावीवर फारसं कुणी जात नव्हतं. पाणी साचून राहिलं होतं.

आमच्या बिल्डिंगीचं एक रहिवासी मंडळ होतं. अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे एक रिटायर्ड हेडक्लार्क, आणि चिटणीस म्हणजे आमचे हे. मंडळाची सभा अध्यक्षांच्या बाहेरच्या खोलीत व्हायची. पुरुष सतरंजीवर, बायका आतल्या दाराशी. मत घराला एक, आणि ते पुरुषाचं. मी दारातूनच म्हटलं, "विहीर बुजवा." लगेच ठराव झाला, एकमताने. कसलं एकमत! गावठाणातल्या एकालाही बोलावलं नव्हतं. सभेची सूचना लावली होती आमच्या जिन्यात, आणि ती वाचायला ते लोक आमच्या जिन्यात कशाला येतील?

दुसऱ्या दिवशी दुपारी गावठाणातली मावशी माझ्या दारात उभी राहिली. माझ्या घरी भाजी घालायची ती. साठीची, काटक, कंबरेवर हात ठेवून बोलणारी. "बाय, तू बाव बुजवते म्हणं?"

मी म्हटलं, "हो, बुजवणार. माझी मुलगी आतल्या खोलीत तापाने पडलीय ती बघा."

ती आत आली. पोरीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "माझ्या नातीचा लगीन हाय दिवाळी झाल्यावर. बाव नाय तर उंबराचा पानी आनू कुठून? नळाचा?"

मला काही कळेना. तिने समजावून सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजत गाजत बावीवर जातात, पाणी भरून आणतात, आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. तिची आंघोळ त्याच बावीच्या पाण्याने झाली होती, तिच्या आईची आणि लेकीचीही. लेक आता राहिली नव्हती. नात तेवढी होती, मावशीनेच वाढवलेली. "त्या पान्याबगार पोर घरातून जायची म्हंजे उघडी गेल्यासारखी," ती म्हणाली. आणि मग तिने डोळ्यांना पदर लावला. मला ते बघवेना. पण म्हणून काय पोरीला परत तापात लोटू? मी तिला तसंच सांगितलं. आम्ही दोघी कडाकडा भांडलो. भांडणात एकदा ती म्हणाली, "मग झाकन घाल ना त्याच्यावर," आणि भांडण तिथेच संपलं, कारण त्यात चूक काढायला जागाच नव्हती.

म्युनिसिपालटीचा इन्स्पेक्टर आला, त्यालाही ते पटलं. झाकण घट्ट हवं, फट नको, एवढंच त्याचं म्हणणं. मग मी मंडळाच्या मागे लागले. पुरुषांचं गुऱ्हाळ संपता संपेना. ठराव झालेला आहे, तो कसा फिरवायचा, पायंडा पडेल, असं काय काय. मी ह्यांना घरी सळो की पळो करून सोडलं. शेवटी ठराव फिरला. गावठाणातल्या सुताराने सागाच्या फळ्यांचं झाकण केलं, त्यात एक दार. झकास काम केलं होतं. पोरीचा तापही तोवर उतरला होता. मला वाटलं, संपलं सगळं.

कुठलं संपतंय! पुढच्या सभेत अध्यक्षांना सुचलं की दार उघडं राहिलं तर झाकण असून नसून सारखं. तेव्हा दाराला कुलूप लावा. आणि चावी? चावी चिटणिसांकडे. मी दारातून म्हटलं, बाव त्यांची आणि चावी आपली, हे कुठलं न्यायाचं? तर अध्यक्ष म्हणाले, वहिनी, मुलगी तुमचीच आजारी होती ना. त्यावर माझ्या तोंडाला कुलूप बसलं. खरं सांगायचं तर मलाही ती चावी आपल्याकडे असलेली बरी वाटत होती.

मावशीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लगनाला उघडून द्या म्हंजे झाला." पण त्या दिवसापासून ती भाजी दारातच ठेवून जायला लागली. बसायची नाही.

लग्न रविवारचं ठरलं. ह्यांनी स्वतः गावठाणात जाऊन सांगितलं, "लग्नाला चावी हजर." ह्यांच्या मनात रविवारची सकाळ. आता ह्यांना कोण सांगणार की पाणी आदल्या दिवशी आणायचं असतं! मला मावशीने सांगितलं होतं, पण मला वाटलं ह्यांना माहीत आहे, ह्यांना वाटलं मला विचारायची गरज नाही. गावठाणातल्यांना वाटलं, चिटणीस एवढे शिकलेले, लग्नाला कधी काय लागतं ते त्यांना कळतच असणार.

शनिवारी संध्याकाळी बँड वाजायला लागला. मी गॅलरीत आले. पुढे ताशेवाले आणि बिगुलवाला, मागे लाल लुगड्यांतल्या बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर घासूनपुसून लखलखीत केलेली कळशी. गाणी म्हणत, नाचत येत होत्या. सगळ्यांत पुढे मावशी, आणि माझ्याकडे बघून हसत होती. मी पण हसले. मग लक्षात आलं, हे अजून घरी आलेलेच नाहीत.

मी धावत आत गेले. खुंटी बघितली, टेबलाचा खण बघितला, ह्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले. चावी नाही. आणि मग आठवलं. मंडळाची वस्तू हरवू नये म्हणून ह्यांनी ती चावी जानव्याला बांधली होती. शनिवारी कचेरी अर्धा दिवस, पण हे तिथूनच परस्पर गिरगावात मामांकडे गेले होते. सत्यनारायण होता, जेवूनच येणार होते. म्हणजे इकडे नवरी पाटावर बसलेली, आणि तिच्या बावीची चावी एका ब्राह्मणाच्या जानव्याला लटकून गिरगावात तीर्थप्रसाद घेतेय! दुसरी कुठली वेळ असती तर मी हसून हसून पडले असते.

मी खाली उतरले आणि मावशीला सांगितलं. बँड थांबला. गाणीही थांबली. मावशीचं तोंड एवढंएवढंसं झालं. तिच्या गावची दोन-तीन दणकट पोरं पुढे सरसावली, "थांब आजी, एक दगड बस् हाय." मावशीने त्यांना हाताने अडवलं.

"तुमी हात नाय लावायचा," ती म्हणाली. "तुमी तोडला तर हे लोक उद्या पोलीस आनतील. बोलतील, ही मानसं दांडगाई करतात, बुजवा बाव. मंग संपलाच."

खालच्या गॅलरीत अध्यक्ष गंजीफ्रॉकवर येऊन उभे होते. ते म्हणाले, "अहो, उद्या सकाळी न्या की. पाणी काय पळून जातंय?"

मला त्या माणसाचा असा राग आला की सांगता सोय नाही. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्या सुमनची हळद काय लग्न लागल्यावर लावली होती?" आणि उत्तराची वाट न बघता घरात गेले. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला.

कुलूप तुटलं नाही. चांगलं जाडजूड कुलूप होतं. पण चौथ्या-पाचव्या घावाला कोयंडाच लाकडातून उखडून आला. माझ्या तळहाताची सालटं निघाली. सगळी गल्ली बघत होती. मी दार उचलून धरलं आणि बायकांना म्हटलं, "भरा." मावशीने आधी बावीला नमस्कार केला, बाटलीतून दारूचे चार थेंब आत शिंपडले, एक नाणं टाकलं, आणि पोहरा सोडला. सगळ्या कळशा भरेपर्यंत मी ते दार धरून उभी होते. भरून झाल्यावर ते नीट बसवलं आणि वर मोठा धोंडा ठेवला. डासांची भीती काही माझ्या मनातून गेली नव्हती.

हे आठच्या सुमारास घरी आले. जिन्यातच त्यांना सगळं कळलं होतं. सदऱ्याच्या आत हात घालून जानव्याची गाठ सोडायला लागले, ती सुटेना. "अगं, मला माणूस पाठवायचा," ते म्हणाले.

"गिरगावात? तुम्ही प्रसाद घेऊन येईपर्यंत नवरी पाटावर कोरडीच बसवून ठेवायची होती?"

ते नखांनी ती गाठ ओढत राहिले.

सोमवारी सभा बोलावली. विषय, कुलूप कोणी तोडलं. जसं काही कुणाला माहीतच नव्हतं. मी या वेळी दाराशी बसले नाही. सरळ आत जाऊन सतरंजीच्या टोकाला बसले आणि म्हटलं, "मी तोडलं. आणि नवं लावाल तर तेही तोडीन." एकदोघांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कुणी म्हणालं, बायकांनी सभेत बसायचा नियम नाही. मी म्हटलं, मग करा नियम, मी थांबते.

एवढ्यात मावशी आली. मंडळाच्या सभेत ती पहिल्यांदाच येत होती. लग्नातलंच लुगडं अंगावर होतं. ती उंबऱ्याशीच थबकली, तेव्हा ह्यांनी उठून तिला आत बोलावलं आणि सरकून जागा दिली. मग अखेर सुटलेली ती चावी त्यांनी सगळ्यांच्या मधोमध ठेवली. "ही मला नको," ते म्हणाले. "माझं मत कडीला. कुलूप नको, नुसती कडी पुरे."

अध्यक्ष त्यांच्याशी बोललेच नाहीत. ते माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ केला होता. "वहिनी, कडी कुणीही काढेल. कुणीही विसरेल. उद्या तुमच्या मुलीला परत ताप भरला तर?"

तो माणूस कितीही आगाऊ असला तरी प्रश्न खरा होता, आणि मीच तो स्वतःला दोन दिवस विचारत होते.

मावशी म्हणाली, "मी रोज सांजेला येऊन कडी बघीन. जित्ती हाय तवर बघीन." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आन हिच्या पोरीला माझ्या बावीपायी काय झाला, तर कोनाचा ठराव नको. बाव मी बुजवीन, माझ्या हातान."

ती बोलत होती ते सगळं त्या बाईने खरोखर केलं असतं. तिच्या नातीला अजून मुली व्हायच्या होत्या, त्यांची लग्नं व्हायची होती. तरीही तिने घमेल्याने माती आणून टाकली असती. मला त्यात तिळमात्र शंका वाटली नाही.

मी अध्यक्षांना म्हटलं, "ऐकलंत ना? कडी लावा."