बंदरकाकांचं गाव

अबुधाबीच्या मुसफ्फ्यात कुणी मराठी कामगार वारला आणि त्याचं इथे कुणी नसलं, की बंदरकाका रजा टाकून अल ऐनच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्काराला जायचे. ओळख असायलाच हवी असं नाही. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मला लायसन्स मिळाल्यापासून ही ड्युटी माझ्या गळ्यात पडली. बाकीचे हार घालून पांगायचे. काका मात्र आतून "झालं" असा निरोप येईपर्यंत बाकावरून हलत नसत. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, एव्हरीबडी हॅज लेफ्ट." ते म्हणाले, "पूर्ण होऊ दे. मग यल्ला, निघू."

ते बाबांच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायचे आणि रविवारी मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्याकडे जेवायला यायचे. तरुणपणी ते जहाजावर खलाशी होते. मालकाने हात वर केले आणि जहाज इंग्लंडच्या एका चिमुकल्या बंदरात सात महिने अडकून पडलं. त्या सात महिन्यांवर काकांनी आमची पंधरा वर्षांची जेवणं रंगवली. त्या गावाला ते नेहमी "आमचं बंदर" म्हणायचे, म्हणून ते आमचे बंदरकाका. मला अबुधाबीचा इतिहास धड सांगता येत नाही, पण त्या गावाचा येतो. एके काळी तिथून लोकर जायची. मग हेरिंग मासळीचे दिवस आले, मग खाडी गाळाने भरली आणि मोठी जहाजं यायची बंद झाली. एका वादळात समुद्राने कोळ्यांची अख्खी गल्ली नेली, पुढे जुनं चर्चही नेलं. उरलेलं गाव थोडं मागे सरकलं आणि पुन्हा मासे खारवायला बसलं.

माणसं मुलखाची अबोल. काका सांगायचे, "हसणार नाहीत, चौकशी करणार नाहीत. पण सकाळी जहाजाच्या शिडीपाशी पावाची टोपली ठेवलेली असायची." त्या गावाची एक रीत होती. समुद्रात मेलेला परका माणूस सगळ्या गावाचा. नव्या चर्चच्या आवारात त्याला पुरायचं, दुकानं बंद ठेवायची, टोप्या काढून सगळ्यांनी मागे चालायचं. हे सांगताना काकांचा घास हातातच थांबायचा. मला वाटायचं, भारावून जातात.

खरं कारण दोन वर्षांपूर्वी अल ऐनहून परतताना गाडीत कळलं. जहाजावर दुसरा मराठी माणूस एकच होता, रत्नागिरीकडचा विश्राम. धुक्यात तो जहाज आणि धक्का यांच्या मधल्या पाण्यात पडला आणि गेला. गावाने आपली रीत पाळली. खड्डा खणून झाला होता, सगळे टोप्या काढून उभे होते, आणि बावीस वर्षांच्या काकांच्या तोंडून "आमच्यात जाळतात" एवढे दोन शब्द निघाले नाहीत. पुढच्या बंदरातून त्यांनी विश्रामच्या आईला पत्र टाकलं: अग्नी दिला, अस्थी समुद्रात सोडल्या.

"इतक्या चांगल्या माणसांना नाही कसं म्हणायचं, बेटा?" काका म्हणाले.

मी मोठी शहाणी. म्हटलं, सांगून मोकळे व्हा. महिनाभर खटपट करून विश्रामच्या बहिणीचा नंबर मीच मिळवला आणि फोनही मीच लावून दिला. काकांनी एका दमात सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "आई मरेपर्यंत दर अवसेला खाडीत दिवा सोडत होती. आणि तो तिकडे मातीत." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

त्यानंतर काका जेवायला येत, पण बंदराचं नाव काढत नसत. मलाही काही विचारायचा धीर होत नव्हता. तो फोन लावून दिल्याचं मला आजही फार वाईट वाटतं. चार महिन्यांनी काका स्टोअरमध्येच कोसळले आणि गेले.

पंधराएक दिवसांनी त्याच बाईंचा फोन आला. काका गेल्याचं ऐकून त्या रडल्या. म्हणाल्या, रागाच्या भरात बोलले, मग रोज वाटायचं उलट फोन करावा. त्यांचा मुलगा लंडनला नोकरीला आहे, तो मामाला भेटून येईन म्हणतो. "त्या गावाचं नाव तेवढं सांग गं, बाळा."

काकांची बॅग आम्ही दोनदा उपसली, वर्कशॉपमधलं कपाटही पाहिलं. एक चिठोरं मिळालं नाही. समुद्राने आधी काय नेलं, मग काय नेलं, ते मला तोंडपाठ आहे. गावाचं नाव मात्र पंधरा वर्षांत आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.