अमेरिकेचं आकाश इथे चालत नाही

‘समस्त उपस्थितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अमेरिकेचं आकाश भारतात चालत नाही!’

नेरूळच्या माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी ही घोषणा हात वर करून, घसा खाकरून करायचो. नव्वदीतली गोष्ट. खाजगी विमान कंपन्या नुकत्याच निघाल्या होत्या आणि अमेरिकेत विमान उडवायला शिकलेली पोरं लायसन्स घेऊन परतत होती.

एकदा अशीच घोषणा केली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मंग वर काय कुंपन हाय का, सर?’

हे हिराजीकाका. खाडीकाठच्या गावचे. जमीन नव्या शहरासाठी गेली, बदल्यात प्लॉट मिळाला. तो विकून त्यांनी मुलाला, दिनेशला, अमेरिकेत पाठवलं होतं. आता पोराला क्लासला सोडायला स्वतः आले होते.

‘कुंपण नाही काका, कायदा आहे,’ मी म्हणालो. ‘तिकडचं लायसन्स इथलं करून घ्यायचं. त्याला कन्व्हर्जन म्हणतात. आपले नियम, हवामान, नेव्हिगेशन यांचे पेपर. मग इथल्या परीक्षकासमोर विमान उडवायचं. आणि मेडिकल.’

‘मेडिकलचं टेन्शन नाय,’ काका म्हणाले. ‘तिकडं उडवून आलाय.’

मीही मान डोलावली. तेव्हा सगळेच मेडिकल शेवटी ठेवायचे. उडवून आलेल्या पोराला कोण तपासणार?

दिनेश पहिल्या फटक्यात पेपर पास झाला, परीक्षकासमोरचं उड्डाणही जमलं. त्याची आई डबाभर तळलेली मासळी घेऊन आली.

‘मीच जाऊन आनली, सर. याला नाय पाठवत बाजारात. लहानपनापासून सांगते, कल्ले उचलून बघ, लाल असतील तरच घे. तरी शिलीच आनतो!’

‘आये, गप ना!’ दिनेश लाजला.

‘विमान आनशील तेवा तरी ताजं बघून आन!’

क्लास हसला. सगळ्यात मोठ्याने मी.

एका कंपनीचा इंटरव्ह्यू कॉल आला. काकांनी वाशीच्या टेलरकडून पांढरा युनिफॉर्म शिवून घेतला. उरलं मेडिकल. मी हौसेने सोबत गेलो.

डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके. त्यांत एक आकडा लपलेला.

‘वाचा.’

‘सर, ठिपकेच आहेत.’

पान उलटलं. पुन्हा ठिपकेच.

‘अमेरिकेत टॉवरवरून रंगीत दिवे दाखवले होते, सर,’ दिनेश घाईने म्हणाला. ‘मी सगळे ओळखले. पास केलं त्यांनी.’

‘इथे ती टेस्ट नाही. अनफिट.’

आम्ही अपील केलं. डॉक्टर बदलले, पुस्तक तेच. इंटरव्ह्यूची तारीख निघून गेली.

काकांच्या घरी सांगायला मीच गेलो. युनिफॉर्म भिंतीवर हँगरला होता, प्लास्टिकसकट. दिनेश खाली बघत बसला होता, शेजारी त्याची आई, म्हणजे काकी. आयुष्यात पहिल्यांदा मला नाटकी आवाज काढता येईना.

‘डोळे अधू नाहीत त्याचे,’ मी म्हणालो. ‘फक्त लाल आणि हिरवा नीट वेगळे कळत नाहीत. लाल त्याला मातकट दिसतो. जन्मापासून. लहानपणी त्याला स्वतःलाही ठाऊक नसणार.’

काका उठले आणि युनिफॉर्म उतरवून कपाटात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या दारावर पाटी लावली: आधी मेडिकल, मग प्रवेश. आजही ती तिथेच आहे. पोरं हसतात, मी हसू देतो. मला मात्र ती पाहिली की काकी आठवतात. त्या दिवशी कपाटाचं दार लागलं, तशा त्या दिनेशकडे वळल्या आणि सगळ्यांदेखत ओरडल्या,

‘म्हंजे कल्ले तुला लाल दिसलेच नाय? आनि मी तुला शिल्या मासलीपायी मारत होते रं!’