काय करपलं?

दिल्लीत करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात कुणी पुस्तक परत आणलं की चंद्रप्रभाकाकू एकच विचारायच्या, "काय करपलं?"

आवडलं का असं विचारलं तर लोक भिडेखातर हो म्हणतात, असा त्यांचा अनुभव. वाचता वाचता आमटी करपली, दूध उतू गेलं, तरच पुस्तक खरं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या दर रविवारी गाझियाबादच्या वसुंधराहून मेट्रोने येऊन वाचनालय उघडत.

"काकू, राजीव चौकला उतरायचं होतं," नेहमी पुस्तकं न्यायला येणारा हरीश एकदा सांगत होता. "डोकं वर काढलं तर द्वारका."

"मग छान असणार."

"बायको नाही म्हणत तसं. ती राजीव चौकला उभी होती."

अशी पुस्तकं काकूंच्या खुर्चीमागच्या कपाटात जात. ती त्या स्वतःच्या हातानेच काढून देत, आणि माणूस बघून. परीक्षा जवळ आलेल्या मुलांना आणि तान्हं बाळ घरी असलेल्या बायकांना तिथलं पुस्तक मिळत नसे.

नोव्हेंबरात सुनेत्रा आली. काकूंच्याच सोसायटीत, पलीकडच्या इमारतीत राहणारी. नवऱ्याची बदली गुवाहाटीला झालेली. घरी सासरे, अण्णा. हवा बिघडली तशी त्यांची छाती भरली आणि डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास लावायला सांगितलं. ते विजेवर चाले. लाइट गेली की थोडा वेळ इन्व्हर्टर, तोही संपला की मशीन किंचाळायला लागे. मग कोपऱ्यातला सिलेंडर हाताने उघडून नळी त्याला जोडायची. अण्णांना ते जमण्यासारखं नव्हतं.

"असं पुस्तक द्या काकू, की आपण घरात आहोत हेच आठवणार नाही," सुनेत्रा म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली राख फासल्यासारखं झालं होतं. त्यांनी पुढच्या कपाटातलं एक साधं, हलकंफुलकं पुस्तक दिलं.

पुढच्या रविवारी तिने ते टेबलावर ठेवलं आणि काकूंनी विचारायच्या आधीच म्हणाली, "काहीच नाही करपलं. तुम्ही मला ते मागचं देत नाही, अच्छा. हरीशला देता."

काकूंना ते लागलं. त्या उठल्या आणि मागच्या कपाटातला सर्वांत जाड खुनाची कादंबरी काढून तिला दिली. दोन भागांतला पहिला.

मंगळवारी सकाळी समोरची इमारत दिसत नव्हती. धुरकं गॅलरीच्या गजांपर्यंत आलं होतं आणि जिभेवर जळक्या तारेची चव होती. लाइट केव्हाच गेली होती. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'इन्व्हर्टर भी गया.' काकूंनी सुनेत्राला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग त्या घरातल्याच सपाता घालून निघाल्या.

दुसऱ्या मजल्यावरच त्यांना आवाज ऐकू आला. एकसुरी, न थांबणारा. तिसऱ्या मजल्यावर आणखी मोठा. त्यांनी दार ठोठावलं, मग तळहाताने बडवलं.

सुनेत्राने दार उघडलं. पुस्तकाच्या पानांत बोट तसंच होतं. "या ना काकू," ती शांतपणे म्हणाली. तिच्या मागे घरभर तो आवाज भरला होता.

काकू तिला बाजूला सारून आत गेल्या. अण्णांचे ओठ जांभळे पडले होते. एक हात पलंगाच्या कडेवर आपटत होता, अगदी हळू. सिलेंडरची चावी काकूंना फिरेना. तेव्हा सुनेत्रा आली. पुस्तक पालथं ठेवून तिने चावी एका झटक्यात फिरवली, नळी जोडली, मशीन बंद केलं. मग बराच वेळ फक्त अण्णांचा श्वास ऐकू येत राहिला.

तिला आवाज ऐकू आला नव्हता, की आला होता? काकूंनी विचारलं नाही. सुनेत्रानेही सांगितलं नाही.

रविवारी शेजारणीला घरी बसवून सुनेत्रा वाचनालयात आली. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. काकूंनी ते उचलून कपाटात ठेवलं.

"आज विचारलं नाहीत," सुनेत्रा म्हणाली. मग खालच्या आवाजात, "दुसरा भाग आहे ना?"

काकूंनी कपाटाची किल्ली मुठीत घेतली.

"आहे. पण तो घरी न्यायचा नाही. रविवारी इथे बसून वाचायचा. तेवढा वेळ मी अण्णांजवळ बसते."

"आणि वाचनालय?"

"हरीश बघेल. एवीतेवी तो चुकीच्या स्टेशनलाच उतरतो."

सुनेत्रा हसली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिने पहिलं पान उघडलं.

आता रविवारी दुपारी काकू अण्णांच्या पलंगाशेजारी बसतात. सिलेंडरची चावी फिरवायला सुनेत्राने त्यांना शिकवलंय. मांडीवर पुस्तक नसतं. मशीन घुरघुरत असतं आणि काकू पंख्याच्या बटणावरच्या, लाइट गेली की विझणाऱ्या बारीक लाल दिव्याकडे बघत असतात.